रक्तातला लहानसा कळस

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 चिटणीसबाई निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आरोग्यावर काहीतरी सांगा, पण सगळ्यांना कळेल असं सांगा." त्यांच्या या दुसऱ्या अटीने मी थोडी घाबरले. आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांचा जन्म काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक यांच्या संगतीत जातो. माणसांपेक्षा त्यांच्या रक्ताशी आमची ओळख अधिक. तेव्हा मी ठरविले की, जी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली, तीच आज सांगावी. ती सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल, कारण ती गाळून ही गोष्ट पुरी होत नाही.

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, २०११ साली बासष्ट वर्षांच्या होत्या. अंगाने काटक, कामाला वाघ. उन्हाळा आला की चार घरच्या कुरडया त्यांच्या हाताखालून जायच्या. त्या वर्षी मात्र त्या म्हणू लागल्या, "अगं, वाकलं की पाठीत कळ येते, आणि जिना चढला की धाप लागते." मी त्यांचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९ आणि ई.एस.आर. ११०. मी म्हटले, "वन्सं, तुमच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घ्या, पाठ शेका आणि जड उचलू नका." मनात म्हटले, वय झाले, आता कुरबुरी चालायच्याच.

त्याच कागदावर खालच्या बाजूला आणखी दोन आकडे होते. एकूण प्रथिने ९.८ आणि अल्ब्युमिन ३.१. ते मी पाहिले नाहीत असे नव्हे. त्यांच्या खाली माझीच सही होती. मी ते पाहिले, पण वाचले नाहीत. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले म्हणजे ग्लोब्युलिन उरते. ९.८ मधून ३.१ गेले की राहिले ६.७, आणि निरोगी माणसात हा आकडा साधारण साडेतीनच्या वर जात नाही. चौथीतल्या मुलीला येणारी ही वजाबाकी मी केली नाही.

आठ महिन्यांनी पाण्याची कळशी उचलताना वन्संच्या पाठीचा मणका पिचला. मग सगळ्या तपासण्या झाल्या आणि मल्टिपल मायलोमा हे नाव घरात आले. हाडांच्या मगजातील प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग. गोळ्या देऊन रक्त वाढले नव्हते, कारण उणीव लोहाची नव्हतीच.

आता या प्लाझ्मा पेशी म्हणजे काय, ते सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे तुम्ही जाणताच. त्यांतील एका जातीच्या पेशी, शरीरात जंतू शिरला की, त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे बनविण्यासाठी तयार होतात. तयार झालेली, पक्की झालेली पेशी म्हणजे प्लाझ्मा पेशी. ती मुख्यतः हाडांच्या मगजात राहते आणि मुकाट्याने प्रतिपिंडे बनवीत असते. मगजातल्या शंभर पेशींत या दोन-चारच असतात. लहानपणी येऊन गेलेला गोवर पुन्हा सहसा येत नाही, तो अशाच पेशींच्या कृपेने. प्रत्येकीचे प्रतिपिंड वेगळे. म्हणून निरोगी रक्तात हजारो प्रकारची प्रतिपिंडे थोडीथोडी असतात.

कधीकधी यांतील एकच पेशी बिघडते. ती स्वतःसारख्याच पेशी जन्माला घालीत सुटते, आणि त्या साऱ्या मिळून एकाच प्रकारचे प्रथिन रक्तात ओततात. त्यांची दाटी वाढली की चांगल्या रक्तपेशींना मगजात जागा उरत नाही. म्हणून रक्त कमी होते. हाडे झिजविणाऱ्या पेशींना त्या चेतवितात. म्हणून हाडे ठिसूळ होतात, आणि हाडांतला चुना रक्तात उतरतो. त्यांनी बनविलेले प्रथिन मूत्रपिंडात जाऊन अडकते. म्हणून मूत्रपिंड थकते. पाठदुखी, थकवा आणि मूत्रपिंडाची कुरकुर ही वरवर पाहता तीन घरची तीन दुखणी दिसतात, पण त्यांचे मूळ एकच असू शकते.

हे दुखणे नवे नव्हे. १८४४ साली लंडनमध्ये सारा न्यूबरी नावाच्या एकोणचाळीस वर्षांच्या गृहिणीची हकीकत सॅम्युएल सॉली या शल्यवैद्याने लिहून ठेवली आहे. तिचीही सुरुवात वाकताना पाठीत कळ येण्यानेच झाली होती. पुढे पतीने तिला उचलून बिछान्यावर नेले, तेवढ्यानेच तिच्या मांड्यांची हाडे मोडली. औषध म्हणून संत्र्याच्या सालीचा काढा आणि रेवाचिनीची गोळी, आणि दुखण्यावर अफू. याहून अधिक कोणाच्या हाती काही नव्हते. हे मी वाचले तेव्हा पहिली आठवण वन्संच्या कळशीची झाली.

दुसऱ्याच वर्षी, १८४५ साली, त्याच लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीला आली. ती कोमट केली की साका धरी, उकळली की तो विरघळे, आणि निवली की पुन्हा धरी. असे वागणारे ते प्रथिन आजही बेन्स जोन्स प्रथिन याच नावाने ओळखले जाते. ते प्रतिपिंडाचाच एक तुकडा आहे, हे कळायला मात्र १९६२ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात आणखी एक साधन हाती आले होते. रक्तातल्या पाण्यासारख्या भागातून वीज सोडली की निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेगाने सरकतात आणि त्यांचा आलेख काढता येतो. स्वीडनच्या टिसेलियस यांनी १९३७ साली ही रीत दाखविली आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसाच्या आलेखात प्रतिपिंडांच्या जागी पसरट टेकडी दिसते. मायलोमाच्या आलेखात त्याच जागी अरुंद, उंच सुळका दिसतो, कारण तिथे एकाच प्रकारचे प्रथिन दाटलेले असते. १९३९ साली हे प्रथम दिसले तेव्हा तिकडच्या लोकांना चर्चचा मनोरा आठवला. आपल्याला देवळाचा कळस आठवेल. माझ्या भाषणाला कळसाचे नाव दिले आहे ते यावरून.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. कळस लहान असेल तर काय? बाई धडधाकट आहे, रक्त चांगले आहे, हाडे शाबूत आहेत, आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत लहानसा कळस निघाला, तर तिला रोगी म्हणावयाचे की नाही?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रॉबर्ट काइल यांनी अशा माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. लहान कळसाच्या अवस्थेला त्यांनी १९७८ साली 'एमजीयूएस' हे नाव दिले. त्याचा अर्थ एवढाच की, रक्तात एकजात प्रथिन आहे, पण ते पुढे काय करील हे ठरलेले नाही. त्यांच्या जिल्ह्यात पन्नाशीच्या वरच्या शंभर माणसांत तीन जणांत ही अवस्था आढळली. आणि त्यांपैकी वर्षाला शंभरात सुमारे एकाचेच दुखणे पुढे वाढते. बाकीचे आपापले आयुष्य जगतात आणि त्यांना ते कळतही नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे धुमसता मायलोमा. चुलीत विस्तव राखेखाली असावा तशी ही अवस्था. प्रथिन अधिक, मगजात बिघडलेल्या पेशी दहा टक्क्यांहून जास्त, पण शरीराला इजा अजून नाही. यांच्यात पहिली पाच वर्षे दरसाल शंभरात दहांचा विस्तव भडकतो. पुढे हे प्रमाण उतरत जाते.

२००९ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. पूर्वी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की, मायलोमा झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात तो लहान कळस कित्येक वर्षे आधीपासून होता. म्हणजे या दुखण्याला आधीची पायरी असतेच. वन्संच्याही रक्तात तो असला पाहिजे. कोणी पाहिला नाही, एवढेच.

मग शंभरातला तो एक कोण आणि उरलेले नव्व्याण्णव कोण, हे ओळखायचे कसे? इथे पेशींची बारीक तपासणी कामाला येते. तिला फ्लो सायटोमेट्री म्हणतात.

आपण सुपात गहू पसरून खडे निवडतो. खडा गव्हापेक्षा वेगळा दिसतो म्हणून हाताला लागतो. पण गव्हासारखाच दिसणारा दाणा आत कीड लागलेला असेल, तर नुसत्या नजरेला तो सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आमची तीच अडचण होते. बिघडलेली प्लाझ्मा पेशी पुष्कळदा चांगल्या पेशीसारखीच दिसते, आणि डोळ्यांनी आम्ही मोजून मोजून मोजणार त्या पाचशे पेशी.

या यंत्राची रीत वेगळी आहे. कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढतात. त्यातील पेशींवर, प्रकाश पडला की चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे सोडतात. पेशीच्या अंगावर जी खूण असेल तिला तेवढेच प्रतिपिंड चिकटते. मग पेशी पाण्याच्या बारीक धारेतून, एकामागून एक, लेझरच्या प्रकाशासमोरून जातात. प्रत्येक पेशी क्षणभर चमकते, आणि कोणत्या रंगाने किती चमकली हे यंत्र टिपून ठेवते. सेकंदाला हजारो पेशी. प्लाझ्मा पेशी ओळखायची ती सीडी ३८ आणि सीडी १३८ या खुणांवरून. चांगल्या पेशींवर बहुधा सीडी १९ ही खूण असते; बिघडलेल्यांवर ती बहुतेक नाहीशी झालेली असते आणि सीडी ५६ ही खूण पुष्कळदा जास्तीची उगवलेली असते.

आणखी एक साक्ष घेतात. प्रत्येक प्लाझ्मा पेशी कॅपा किंवा लॅम्डा या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एकच बनविते. हळदीकुंकवाला शंभर बायका जमल्या, तर कोणाच्या हातात हिरव्या बांगड्या असतील, कोणाच्या लाल. पण एका कोपऱ्यातल्या साऱ्याजणी नेमक्या एकाच रंगाच्या दिसल्या, तर या एकाच घरच्या हे आपण ओळखतो. तसेच इथे. साऱ्या कॅपा किंवा साऱ्या लॅम्डा दिसल्या की त्या एकाच बिघडलेल्या पेशीच्या लेकी.

या यंत्राची एक गंमत सांगते. रंग लावायला लागणारी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली काढली. त्यासाठी त्यांनी प्रतिपिंड बनविणारी पेशी उंदराच्या मायलोमाच्या पेशीशी जोडली. म्हणजे ज्या दुखण्याचा शोध घ्यायचा, त्याच दुखण्याच्या पेशीने शोधाचे साधन दिले. आणि या यंत्राची वाढ स्टॅनफर्डला लेन हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत झाली, तिथे त्यांच्या पत्नी लिओनोर त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. तरुणपणी पती ज्या संस्थेत शिकत होते तिथे बायकांना प्रवेश नव्हता. म्हणून या बाई नुसत्या वर्गात बसून शिकल्या. महिला मंडळात हे सांगितल्याशिवाय मला राहवले नसते.

या तपासणीची धार किती? युरोपातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली ठरवून दिलेल्या रीतीने एक कोटी पेशी पाहतात, आणि दहा लाखांत दोन बिघडलेल्या पेशी असल्या तरी त्या सापडू शकतात. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, या तऱ्हेचे काम चालते.

पण यंत्राचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्लाझ्मा पेशी नाजूक असतात. नमुना वेळेवर पोहोचला नाही तर त्या फुटतात. सुईने मगज जितका जास्त ओढावा तितके त्यात साधे रक्त मिसळत जाते, म्हणून पहिल्या ओढीचा नमुना मोलाचा. एकूण प्लाझ्मा पेशी किती हे ठरवायला अजूनही सूक्ष्मदर्शकच लागतो. हाडांची चित्रे, रक्तातले प्रथिन, मूत्रपिंड हे सारे जोडीला पाहावे लागते. एकट्या यंत्राच्या बोलावर कोणाचे भविष्य सांगू नये.

मग ते सांगते काय? २००७ साली स्पेनमधील वैद्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. मगजातल्या एकूण प्लाझ्मा पेशींपैकी चांगल्या किती उरल्या आहेत, ते पाहा. शंभरात पंचाण्णव किंवा अधिक बिघडलेल्या असतील, तर दुखणे पुढे जाण्याचा धोका पुष्कळ जास्त. चांगल्या पेशी अजून टिकून असतील, तर धोका बराच कमी.

याचा अर्थ मला एका बाईंमुळे नीट कळला. त्यांच्या परवानगीने सांगते. २०१७ सालची गोष्ट. निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी तपासण्या केल्या, त्यात ग्लोब्युलिन थोडे जास्त दिसले. या वेळी मी वजाबाकी केली. आलेखात लहानसा कळस निघाला. मगजात प्लाझ्मा पेशी सहा टक्के, हाडे शाबूत. फ्लो सायटोमेट्रीत बिघडलेल्या पेशी होत्या, पण तीनांत एक पेशी अजून चांगली होती. मी त्यांना सांगितले, "औषध नको. आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासू." त्या रागावल्या. म्हणाल्या, "म्हणजे घरात चोर शिरलाय, आणि तुम्ही म्हणता नुसतं बघत बसा?"

मी म्हटले, "बाई, चोर शिरलेला नाही. ओटीवर एक अनोळखी माणूस येऊन बसला आहे. असे पुष्कळजण जन्मभर ओटीवरच बसून राहतात. आपण दार लावून घेऊ आणि वर्षातून एकदा डोकावून पाहू." पहिले वर्षभर त्या नीट झोपल्या नाहीत. मग हळूहळू सवय झाली. आजवर त्यांचा कळस आहे तेवढाच आहे, आणि गुडघा बदलून त्या दोनदा नर्मदामाईचे दर्शन घेऊन आल्या.

वन्संच्या वेळी मी पाहिले नाही, ही माझी चूक. पण या बाईंना घाबरून औषधे सुरू केली असती तर तीही चूकच झाली असती. लवकर पाहणे आणि लवकर औषध देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक तपासणी त्या दोहोंमधले अंतर दाखविते.

धुमसत्या अवस्थेतील जास्त धोक्याच्या रोग्यांची गोष्ट मात्र बदलली आहे. २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रोग्यांपैकी काहींना डॅराट्युमुमॅब हे औषध दिले आणि काहींवर नुसती नजर ठेवली. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांत शंभरातले ६३ जण दुखणे न वाढता राहिले, नुसती नजर ठेवलेल्यांत ४१. हे औषध सीडी ३८ या खुणेलाच जाऊन चिकटते. यंत्र ज्या खुणेवरून पेशी ओळखते तीच ही खूण. म्हणूनच धोका कोणाला जास्त, हे आधी नीट ओळखणे मोलाचे झाले आहे.

मग सगळ्यांनीच उद्या सकाळी रक्त द्यायला रांग लावावी काय? आइसलंड या चिमुकल्या देशाने २०१६ साली चाळिशीवरच्या सर्व लोकांना तसे आवाहन केले, आणि ऐंशी हजारांवर लोकांनी नावे दिली. लोकांनी निवडून दिलेल्या जगातील पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिनबोगादोत्तिर या त्या मोहिमेच्या आश्रयदात्या होत्या. सरसकट तपासणीने लोकांचे हित होते की नुसती धास्ती वाढते, हे नीट मोजण्यासाठीच ती मोहीम आहे. धडधाकट माणसांनी सरसकट ही तपासणी करावी, असा आपल्याकडे सल्ला नाही, आणि मीही तो देणार नाही.

मी सांगते ते एवढेच. पन्नाशीनंतर पाठीचे किंवा बरगडीचे दुखणे महिना उलटूनही हटत नसेल, आणि जोडीला थकवा असेल, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका. आपल्या बायकांत लोहाची उणीव फार, हे खरेच. पण गोळ्या घेऊन रक्त वाढले नाही, तर का वाढले नाही हे विचारा. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. अशा दुखण्यात त्या मूत्रपिंडाला फार घातक ठरतात. आणि तपासणीचा कागद हाती आला की एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन हे दोन आकडे शोधा, वजाबाकी करा, आणि फरक चारच्या वर दिसला तर डॉक्टरांना दाखवा. त्याची कारणे दुसरीही पुष्कळ असतात, म्हणून घाबरू नका. पण विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

वन्सं औषधोपचाराने त्यानंतर सहा वर्षे जगल्या. पाठीत थोड्या वाकल्या होत्या. कुरडया मात्र खुर्चीवर बसून, दुसऱ्यांकडून घालवून घेत. एकदा मी त्यांच्याजवळ माझी चूक कबूल केली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्या कुणाचा कागद आला की नीट वाच म्हणजे झालं."

तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदावर मी ती वजाबाकी करते. आज तुम्हा सर्वांनाही ती शिकविली, म्हणजे वन्संचे सांगणे थोडे अधिक पाळले गेले, असे मी समजते.